वाचक विचारतात : घरातल्या वृद्धांसाठी नर्स हवी की मावशी?

अंथरुणाला खिळलेल्या किंवा ऑपरेशन होऊन घरी आलेल्या ज्येष्ठांच्या शुश्रूषेबद्दल नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरं वृद्धशुश्रूषेत काम करणाऱ्या परिचारिकांची आहेत. औषधांचे डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

आईचं वय ७८. खुब्याचं हाड मोडल्याने ऑपरेशन झालं, परवा डिस्चार्ज आहे. ब्युरोवाले विचारतात, "नर्स पाठवू की केअरटेकर?" नर्सचे पैसे जवळपास दुप्पट सांगतात. आम्हाला नेमकं कोण लागेल?
— इंदिरानगर

अंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं, धरून चालवणं, कूस बदलणं ही कामं मावशी, म्हणजे केअरटेकर, उत्तम करतात, कित्येकदा नर्सपेक्षाही हलक्या हाताने. इंजेक्शन, ड्रेसिंग, नाकातली नळी, कॅथेटर, सलाईन मात्र त्यांच्याकडून करून घ्यायचं नाही, "मला येतं" असं त्या म्हणाल्या तरी. त्यासाठी एएनएम (दोन वर्षांचा नर्सिंग कोर्स), जीएनएम (तीन वर्षं) किंवा बीएस्सी नर्सिंग (चार वर्षं) झालेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी असलेली सिस्टर किंवा ब्रदर (पुरुष नर्स) लागतो. ब्युरोकडे नोंदणीपत्राची प्रत मागा. नाव, नोंदणी क्रमांक आणि नूतनीकरणाची मुदत पाहा. "ट्रेन्ड आहे, दहा वर्षांचा अनुभव आहे" हे नोंदणीऐवजी चालत नाही. "उद्या देतो, परवा देतो" सुरू झालं, की दुसरा ब्युरो शोधा.

तुमच्यासारख्या घराला बहुतेक वेळा दोघी लागतात, पण दोघी दिवसभर नाही. बारा तासांची मावशी रोज, आणि जीएनएम सिस्टरची भेट पहिल्या पंधरवड्यात एक दिवसाआड, पुढे आठवड्यातून एकदा. भेटीला तास-दीड तास पुरतो. तेवढ्यात जखम, नाडी, झोपलेलं आणि उभं राहिल्यावरचं बीपी, पोटऱ्यांची सूज, कमरेवरची त्वचा पाहून होते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत मावशींनी काय करायचं हे त्यांना हाताला धरून शिकवता येतं. चोवीस तास नर्स ठेवून तिच्याकडून डायपर बदलून घेण्यात पैसे जातात आणि नर्सही टिकत नाही.

चोवीस तासांची एकच मावशी ठेवणार असाल तर रात्री आई किती वेळा उठतात ते आधी मोजा. दोनपेक्षा जास्त वेळा उठत असतील तर ती व्यवस्था आठ दिवसांत कोसळते. मावशीला सलग सहा तास झोप, दोन वेळचं जेवण आणि आठवड्याची सुट्टी मिळाली नाही, की पहाटेच्या बाथरूमच्या वाटेवर पेशंट पडतो. अशा घरी दिवसाची आणि रात्रीची अशा दोन बारा तासांच्या ड्यूट्याच लावाव्यात.

खुब्याच्या ऑपरेशननंतर पोटात घ्यायची रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं बहुधा सुरू असतील, ती काही आठवडे चालतात. सिस्टर देतील तेव्हा बघून ठेवा. बेंबीपासून किमान पाच सेंटिमीटर दूर, पोटाच्या कडेला, चिमटीत कातडी धरून सुई सरळ आत. उद्या दुसरी बाजू. आधीच भरून आलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायचा नाही, तो काढताना औषधही बाहेर जातं. टोचल्यावर जागा चोळायची नाही, चोळलं की काळंनिळं पडतं. वापरलेली सुई घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागते. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बाटलीत साठवा आणि ड्रेसिंगला जाल तेव्हा हॉस्पिटलमध्ये द्या.

आणखी एक. बॉल बदललेला असेल तर बुटका पाट, भारतीय संडास, पायावर पाय टाकून बसणं बंद. नुसता स्क्रू-प्लेट असेल तर नियम वेगळे. डिस्चार्ज कार्डवर काय केलंय ते वाचून, सर्जनना विचारून मावशींना नीट सांगा, नाहीतर त्या आधीच्या पेशंटचे नियम तुमच्या आईला लावतील.

सासरे वर्षभर पॅरालिसिसने अंथरुणावर आहेत. एअर बेड आणला, तरी माकडहाडापाशी जखम झाली. दुकानदार म्हणाला होता, "या गादीवर बेडसोर होतच नाही."
— नाशिक रोड

दुकानदाराचं काय जातंय म्हणायला! एअर बेड कूस बदलण्याला मदत करतो, कूस बदलायचं काम तो करत नाही. घरोघरी गादी लावलेली पाहिली की दहातल्या बऱ्याच ठिकाणी तिचा उपयोगच मारलेला असतो.

आधी गादी तपासू. ती पलंगावरच्या नेहमीच्या गादीवर, फुगे वर येतील अशी पसरलेली असावी. तिच्यावर एकच सुती चादर, तीही सैल. बहुतेक ठिकाणी चादर ताणून चारी बाजूंनी खोचलेली असते, तिच्यावर मेणकापड, त्यावर दुमडलेली गोधडी, त्यावर अंडरपॅड. एवढे थर आले की खालचे फुगे फुगोत नाहीतर बसोत, कातडीला काही कळत नाही. पंपावर वजनाप्रमाणे फिरवायचं बटण असतं, ते "जास्त हवा म्हणजे जास्त चांगलं" म्हणून शेवटपर्यंत फिरवलेलं असतं. मग गादी दगडासारखी होते. सासऱ्यांच्या वजनावर ठेवा. आता गादीच्या खाली, बरोबर त्यांच्या माकडहाडाच्या रेषेत, तळहात वर करून हात घाला. हाताला हाड टेकल्यासारखं लागत असेल, मध्ये दोन-अडीच सेंटिमीटर हवा नसेल, तर गादी बसली आहे. नळी पलंगाखाली मुडपलीय का, एखादा फुगा फुटलाय का ते बघा. पंपाला वीज अगदी थोडी लागते, इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वीज गेली की बऱ्याच गाद्यांतली हवा हळूहळू उतरते आणि रात्रीतून पेशंट खालच्या लाकडावर येतो.

आता कूस. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, निदान जखम भरेपर्यंत. पूर्ण नव्वद अंशांत कुशीवर टाकू नका, सगळा भार खुब्याच्या टोकावर येतो आणि तिथे नवी जखम होते. साधारण तीस अंश कलवा, म्हणजे पाठीमागे एक उशी तिरपी खोचायची, भार कुल्ल्याच्या मांसल भागावर आला पाहिजे. मग चादरीखालून हात घालून पाहायचं, माकडहाड गादीपासून सुटलंय की नाही. सुटलं नसेल तर उशी अजून आत. पोटरीखाली लांब उशी ठेवा, टाचा उशीच्या पलीकडे अधांतरी लोंबल्या पाहिजेत. फक्त गुडघ्याखाली उशी ठेवली तर टाचांवरचा भार उलट वाढतो. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका, दोघांनी मिळून खालच्या चादरीने उचला. भरवताना डोक्याकडची बाजू उंच करावीच लागते, पण आधी मांड्यांखाली उशी द्या आणि मग डोकं वर घ्या. उलट क्रमाने केलं की अंग खाली घसरतं, कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतल्या आत फाटते. माकडहाडाच्या जखमा नुसत्या दाबाने होत नाहीत, बऱ्याचशा या घसरण्याने होतात.

लाल डाग शोधत बसण्याची पुस्तकी सवय आपल्याकडे फसते. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. बोटांच्या पाठीने चाचपून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागलं, रंग जांभळट वाटला, दाबल्यावर दुखलं, तर ती सुरुवात आहे. अशा जागेला मालिश करायचं नाही. "रक्त फिरवायला" तेल चोळणं ही घरोघरची सवय, पण आत दबून दुखावलेल्या बारीक रक्तवाहिन्या त्यानेच फुटतात. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको. ती जखमेवरचा भार काढते आणि भोवतीच्या कडेवर आवळून बसते, त्यामुळे मधल्या भागाचं रक्त आणखी कमी होतं.

जखम नॉर्मल सलाईनने धुवा. हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, पावडर, हळद यांपैकी काही नको, वाढू पाहणारी नवी कातडी त्याने जळते. ड्रेसिंग कुठलं आणि किती दिवसांनी, हे जखम ओली आहे की कोरडी, किती खोल आहे, यावर ठरतं. म्हणून पहिली ड्रेसिंग जखमा हाताळणाऱ्या सिस्टरकडूनच करून घ्या. ती स्केल लावून लांबी-रुंदी-खोली लिहून ठेवेल. दर आठवड्याला मोजल्याशिवाय जखम भरतेय की पसरतेय हे डोळ्यांना कळत नाही. वास, ताप, कडेने पसरणारी लाली, काळी पडलेली कातडी किंवा तळाशी हाड दिसलं, तर त्याच दिवशी सर्जनकडे. टाचेवरची कोरडी, घट्ट काळी खपली मात्र घरी सोलू नका.

आणि ताट बघा. जखम भरायला वजनाच्या दर किलोमागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. सासऱ्यांचं वजन ५० किलो धरलं तर साठ-पासष्ट ग्रॅमच्या पुढे. एका अंड्यात सुमारे सहा, पेलाभर दुधात सहा-सात, घट्ट वरणाच्या वाटीत पाच-सहा. वरणाच्या निवळीवर आणि चहा-बिस्किटावर असलेल्या माणसाची जखम कुठल्याच गादीने भरत नाही. किडनीचा आजार असेल तर हे गणित आधी डॉक्टरांना दाखवा.

आई ८१ वर्षांची. कालपर्यंत पेपर वाचत होती. आज संध्याकाळपासून भिंतीवर माणसं दिसतात म्हणते, मला ओळखत नाही. शेजारी म्हणतात, वय झालं, आता असंच. ताप नाही. वाट बघावी का?
— पंचवटी

नाही. विसरभोळेपणाचा आजार महिन्या-वर्षांत वाढतो. कालपर्यंत नीट असलेलं माणूस आज बदललं, तर शरीरात काहीतरी घडलंय. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात आणि कारण सापडलं तर तो बहुतेक वेळा उतरतो.

ताप नाही यावर विसंबू नका. या वयात न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग तापाशिवायही येतो, त्याची पहिली खूण बडबड किंवा सुस्ती असू शकते. वृद्धांच्या शुश्रूषेत मुरलेली सिस्टर घरी आली तर ठरावीक क्रमाने बघते. तापमान, ऑक्सिजन, बीपी, साखर. मग ओटीपोटावर हात, लघवी तुंबून मूत्राशय फुगलंय का. शौचाला शेवटचं कधी झालं. दिवसभरात पाणी किती पोटात गेलं. कुठे दुखतंय का, पडल्या होत्या का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेल्या आठ दिवसांत कोणती नवी गोळी सुरू झाली. सर्दी-खाजेच्या साध्या गोळ्या, अॅव्हिलसारख्या, या वयात मेंदू गोंधळवतात आणि लघवी अडवतात. बीपीच्या काही गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरतं, उन्हाळ्यात आणि जुलाबात तर लवकरच. म्हणून रक्त तपासताना सोडियम पाहिलंय ना, हे विचारा. ऑक्सिमीटर गार बोटाला किंवा मेंदी-नेलपॉलिशवर चुकीचा आकडा दाखवतो, बोट चोळून गरम करून पुन्हा लावा.

तुम्हाला करता येईल अशी एक चाचणी आहे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा : रविवार, शनिवार, शुक्रवार... एरवी सहज म्हणणारं माणूस दोन वारांतच भरकटलं, तर लक्ष टिकत नाहीये, आणि डिलिरियमची मूळ खूण तीच. आजच्या आज डॉक्टर गाठा. तोवर खोलीत दिवा, डोळ्यांवर चष्मा, कानात यंत्र, जवळ ओळखीचं एकच माणूस. हात बांधायचे नाहीत. घरातली झोपेची गोळी द्यायची नाही.

याचा दुसरा प्रकार जास्त चुकतो. त्यात पेशंट बडबडत नाही, गप्प होतो, दिवसभर झोपतो, जेवायला तोंड उघडत नाही. घरच्यांना वाटतं, आज शांत आहेत. दोन दिवस तसेच जातात.

थंडीत बाबांचे पाय गार पडतात. गरम पाण्याची पिशवी रात्रभर ठेवली तर चालेल? त्यांना मधुमेह आहे.
— निफाड

चालणार नाही. मधुमेहाने पायांची जाणीव बरेचदा गेलेली असते, पिशवी चटका देते आणि त्यांना कळत नाही. सकाळी टाचेवर फोड दिसतो आणि तो भरायला महिने लागतात. निफाडचा पारा उतरतो तेव्हा पिशवीने अंथरूण आधी ऊबदार करा आणि बाबा आडवे व्हायच्या आत ती काढून घ्या. मग सैल लोकरी मोजे, कानटोपी, दोन पातळ पांघरुणं. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर अजिबात नको, तिच्या वायूने झोपेतच जीव जातो. अंग गार, बोलणं जड आणि थर्मामीटरवर ३५ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर हॉस्पिटल.

घरची द्राक्षं आहेत, पण पॅरालिसिसनंतर आजोबांना ठसका लागतो. रस काढून दिला तर?
— पिंपळगाव बसवंत

रस तर द्राक्षापेक्षा अवघड. पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरतो आणि दुबळा घसा झाकण लावायच्या आत तो श्वासनलिकेत शिरतो. पाणी, रस, चहा, निवळी यांना ठसका लागतो आणि मऊ भाताला लागत नाही, याचं कारण हेच. अख्खं द्राक्षही नको. साल वेगळी, रस वेगळा, शिवाय ते गुळगुळीत सटकतं. चिवडा, भेळ, पातळ वरणात कुस्करलेली पोळी यांतही कोरडं-ओलं एकत्र येतं, तीच अडचण. गिळण्याची तपासणी स्पीच थेरपिस्टकडून करून घ्या. तोवर नाचणीची किंवा भगरीची घट्ट पेज, दाट दही, सारखं घोटलेलं काहीही. खुर्चीत ताठ बसवून, हनुवटी किंचित छातीकडे, चहाच्या चमच्याने, आणि खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. भरवताना मधूनच "आ" म्हणायला लावा. आवाज ओला, घरघरल्यासारखा आला तर थांबा.

नाकातून नळी आहे. रात्री हिसक्याने अर्धी बाहेर आली, मावशींनी परत आत सरकवली. आता दूध दिलं की खोकला येतो.
— सिडको

त्या नळीतून आता थेंबभर पाणीसुद्धा देऊ नका. सरकवलेली नळी जठराऐवजी श्वासनलिकेत गेली असू शकते. नोंदणीकृत सिस्टरला बोलावून नळी पुन्हा घालून घ्या आणि जागा तपासून घ्या. हवा मारून स्टेथोस्कोपने "गुडगुड ऐकू आलं" ही जुनी तपासणी फसवी आहे, फुफ्फुसातली हवाही तशीच वाजते. ओढून काढलेल्या पाण्याचा पीएच कागदावर ५.५ किंवा कमी दिसला पाहिजे. शंका असेल तर एक्स-रे. तुमच्या बाबतीत खोकला आधीच सुरू आहे, तेव्हा एक्स-रेच काढा, आणि ताप किंवा धाप असेल तर सिस्टरची वाट न पाहता हॉस्पिटल.

पुढची काळजी. नळी नाकपुडीपाशी जिथे आहे तिथे पक्क्या मार्करने खूण करा, चिकटपट्टी रोज बदला आणि प्रत्येक वेळी भरवण्याआधी खूण हलली का बघा. खूण हलली तर फीड थांबवून फोन करायचा, हे मावशींना सांगून ठेवा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, भरवल्यानंतर तासभर तशीच. एका वेळी दोनशे-अडीचशे मिली, पातळ फडक्यातून गाळलेलं, कोमट. सिरिंजचा दांडा काढून नळीला जोडा, वीतभर उंच धरा आणि आपोआप उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागू द्या. दांड्याने ढकललेलं दूध उलटून वर येतं. आधी आणि नंतर तीस मिली पाणी. गोळ्या एकेक करून बारीक कुटा, सगळ्या एकत्र नको. नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर असलेल्या (हळूहळू औषध सोडणाऱ्या) आणि पित्ताच्या बऱ्याचशा गोळ्या कुटायच्या नसतात. डॉक्टरांकडून पर्याय लिहून घ्या.

तोंडाने काही खात नाहीत म्हणून दात घासणं बंद झालेलं असतं. ते दिवसातून दोनदा करा, मऊ ब्रशने, जवळजवळ कोरडंच. तोंडातली घाण लाळेबरोबर छातीत उतरते आणि नळी असलेल्या पेशंटच्या न्यूमोनियामागे बरेचदा तीच असते. नळी महिन्याच्या पुढे लागणार असेल तर पोटातून नळी घालण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

वडिलांना कायमचं कॅथेटर आहे. लघवी गढूळ येते, रिपोर्टमध्ये जंतू आले. प्रत्येक वेळी अँटिबायोटिक द्यायचं?
— देवळाली कॅम्प

कायम कॅथेटर असलेल्याच्या लघवीत जंतू सापडणारच. थंडी-ताप, ओटीपोटात दुखणं, नव्याने आलेला गोंधळ यांपैकी काही असेल तर उपचार. नुसत्या गढूळपणाला आणि वासाला आधी पाणी, दिवसाला दीड-दोन लिटर, हृदय-किडनीचं बंधन नसेल तर. दर वेळी गोळ्या दिल्या की पुढच्या खऱ्या संसर्गाला कुठलंच औषध लागू पडत नाही.

पिशवी नेहमी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, दोन तृतीयांश भरली की रिकामी. व्हीलचेअरवर बसवताना मांडीवर ठेवतात, तेव्हा लघवी उलटी फिरते. नळी मांडीला पट्टीने बांधा. आत दहा-एक मिली पाण्याचा फुगा असतो, ओढ बसली की रक्त येतं. रोज साबण-पाण्याने स्वच्छ करताना पुढची कातडी मागे घेतली असेल तर ती पुन्हा पुढे आणलीच पाहिजे, मागेच राहिली तर सुजून अडकते. हे शिकवायला संकोचामुळे सगळेच टाळतात. मावशींना सांगायला अवघड वाटत असेल तर ब्रदर बोलावून घ्या. साधं लॅटेक्सचं कॅथेटर दोन-चार आठवड्यांत, सिलिकॉनचं बारा आठवड्यांपर्यंत. चार तासांत पिशवीत काहीच उतरलं नाही आणि पोट फुगलं तर नळी मुडपलीय का बघा, नसेल तर लगेच बदलायला न्या.

माझं जीएनएम झालं आहे, सिन्नरच्या एका हॉस्पिटलात दोन वर्षं वॉर्डला आहे. वृद्धांच्या नर्सिंगमध्ये पुढे काय करता येईल? तीन महिन्यांच्या कोर्सच्या जाहिराती दिसतात.
— सिन्नर

तीन महिन्यांचे कोर्स केअरटेकरसाठी असतात, तुमच्या जीएनएमच्या खालचे. भारतीय परिचर्या परिषदेचा वृद्धशुश्रूषेतला एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे, तो नोंदणीकृत नर्ससाठी. प्रवेशाआधी त्या संस्थेला चालू वर्षाची मान्यता आहे का ते परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. बीएस्सी करायचं असेल तर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ तुमच्या जवळच, म्हसरूळला आहे, चौकशीला मुंबईपर्यंत जायची गरज नाही. २०२१ पासूनच्या बीएस्सीच्या अभ्यासक्रमात वृद्धशुश्रूषा आणि पॅलिएटिव्ह केअरचा (बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचा) भाग आहे, पण तेवढ्याने हात बसत नाही.

हात बसवायचा तो इथे. जखम मोजणं आणि ड्रेसिंग निवडणं. बेडसोरचा धोका ब्रेडन स्केलवर मांडणं (६ ते २३ गुण, १८ किंवा कमी म्हणजे सावध). झोपवून पाच मिनिटांनी, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला बीपी घेणं. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर पडण्याचं कारण सापडलं. वाळलेल्या दंडाला नेहमीचा पट्टा मोठा पडतो आणि बीपी खोटंच कमी दिसतं, म्हणून बॅगेत लहान पट्टा ठेवा. आणि मावशींना शिकवायची कला. घरी तुम्ही आठवड्यातले तीन तास असता, बाकीचे त्या. जी सिस्टर मावशीला नोकरासारखं वागवते, तिचे पेशंट बरे होत नाहीत, कारण तिला कुणी काही सांगत नाही.

कामाची मागणी गंगापूर रोड-कॉलेज रोडपुरती नाही. नोट प्रेस, एचएएल, सातपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली एक अख्खी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे, मुलं पुण्याला किंवा परदेशात. तुमची फी भेटीवर ठेवा, ड्यूटीवर नको. दर भेटीला एका वहीत तारीख, बीपी, साखर, जखमेचं माप, कातडीची तपासणी, शौच-लघवी, बदललेली औषधं आणि पुढच्या भेटीपर्यंतच्या सूचना लिहून सही करा. परगावच्या मुलांना त्या पानाचा फोटो गेला, की पुढची भेट तेच ठरवतात.

सत्तरीवरच्यांच्या आयुष्मान कार्डातून घरी येणाऱ्या नर्सचे पैसे मिळतात का?
— जेल रोड

मिळत नाहीत. ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांसाठीचं वय वंदना कार्ड हे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या हॉस्पिटलमधल्या उपचारांसाठी आहे. भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि डिस्चार्जनंतरच्या पंधरा दिवसांची औषधं-तपासण्या त्यात धरतात, म्हणून डिस्चार्जच्या वेळी ती औषधं मागून घ्या. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाला वृद्धांची ओपीडी आणि दहा खाटांच्या वॉर्डाची तरतूद आहे. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये केसपेपर काढतानाच त्याची चौकशी करा. बाकी सरकारी योजनांची माहिती किंवा घरात हेळसांड होत असल्याची तक्रार १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट.